आमच्या गाडीचा दम

संस्कृतच्या शिक्षकाने मोटारीविषयी लिहावे, हे पाहून माझे काही जुने विद्यार्थी गालातल्या गालात हसतील, हे मी जाणून आहे. ज्याने उभा जन्म शब्दरूपे घोकवून घेण्यात घालविला आणि ज्याला सायकलीची उतरलेली साखळीसुद्धा कधी धड बसविता आली नाही, त्याला डिझेल एंजिनाच्या अंतरंगाशी काय कर्तव्य? परंतु एकत्र कुटुंबात कोणती वस्तू कोणाच्या वाट्यास येईल याचा नेम नसतो. आमच्या घरी गाडी पुतण्याची, कर्ज बँकेचे, आणि काळजी माझी, अशी वाटणी आपोआप झाली आहे. त्या काळजीपोटी गेल्या काही महिन्यांत जे पाहिले व शिकलो, ते इतर कुटुंबांच्या उपयोगी पडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम घरची हकीकत थोडक्यात सांगतो. आम्ही छत्रपती संभाजीनगरचे राहणारे. शहराचे नाव २०२३ मध्ये बदलले, तरी पत्ता सांगताना माझ्या पिढीच्या तोंडून अजून कधीकधी औरंगाबाद निसटते. थोरले बंधू, वहिनी, आम्ही उभयता, दोन पुतणे, त्यांच्या बायका व मुले, असा तेरा माणसांचा एका चुलीवरचा संसार आहे. पैठण तालुक्यात वडिलार्जित मोसंबीची बाग आहे. थोरला पुतण्या वाळूजच्या एका कारखान्यात नोकरी करतो. धाकट्याने बाग सांभाळली. व्यापाऱ्याने बागेत येऊन पडेल भावाने माल उचलावा, हे त्यास मानवेना. म्हणून २०२१ च्या दसऱ्यास त्याने मध्यम बांध्याची एक पिकअप घेतली. पुढे दोन माणसांची बैठक, मागे उघडा हौदा, सुमारे अडीच लिटरचे डिझेल एंजिन, पंचाहत्तर अश्वशक्ती, आणि ओझे दीड टनाचे. पहिली रक्कम माझ्या ग्रॅच्युइटीतून दिली. उरलेल्याचे साठ हप्ते. हप्त्याची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयात लाल शाईने लिहिण्याचे काम मी आपण होऊन अंगावर घेतले. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी; पुढे तिचे प्रयोजन आहे.

पहिली दोन वर्षे गाडी तरतरीत होती. तिसऱ्या वर्षी तिला सुस्ती आली. चढावर घरघर, मागे काळा धूर, पायाने कितीही रेटा दिला तरी उठाव नाही. घरातील मुलांनी तिचे नाव ‘कुंभकर्ण’ ठेवले. पुतण्या मात्र हसेना. तो नव्या गाड्यांची वर्णने वाचून उसासे टाकू लागला. इसुझूच्या डी-मॅक्स व्ही-क्रॉस या पिकअपचे एंजिन दोन लिटरांहूनही लहान, तरी तिची शक्ती १६३ अश्वांची. टोयोटाची हायलक्स तर दोनशेच्याही पुढची. “आणि आपण, काका, पंचाहत्तरांवर!” असे तो म्हणे. मी त्यास, वाहनाचा हव्यास बरा नव्हे, असा एक छापील उपदेश करून गप्प बसवीत असे.

मागील मार्गशीर्षात चाळीसगावी माझ्या मेहुण्यांकडे वास्तुशांत होती. पुतण्या मोसंबी घेऊन तिकडेच निघाला होता, म्हणून मी त्याच्या शेजारी बसलो. जाताना कन्नडच्या पुढे घाट उतरावा लागतो. खानदेशात १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रॅमचे नाव या घाटास पडले असून लोक त्यास औट्रम घाट म्हणतात. जाणे निर्विघ्न झाले. परतताना पुतण्याने भाड्याचा माल म्हणून सरकीच्या पेंडीची पोती भरली. दिवेलागणीच्या सुमारास आम्ही घाट चढू लागलो. तिसऱ्या की चौथ्या वळणावर गाडी अडखळली, एकदा हुंदका दिल्यासारखी हलली आणि बंद पडली. क्षणभर काहीच घडले नाही. मग ती मागे सरकू लागली.

ती मागे सरकली ते अंतर चार हातांचे असेल. परंतु डाव्या हातास दरी, मागे एका ट्रकाचे दिवे, आणि पायाखालून सरकणारी पृथ्वी! पुतण्याने पायाचा व हाताचा असे दोन्ही ब्रेक आवळून धरले आणि ओरडला, “काका, दगड!” मी कसा उतरलो, दगड कोठून उचलला, ते मला आठवत नाही. धोतराचा सोगा काटेरी झुडपात अडकून फाटला, एवढे मात्र घरी आल्यावर दिसले. मागच्या ट्रकवाल्याने भला माणूस म्हणून गाडी थांबविली, स्वतःचे लाकडी ठोकळे आमच्या चाकांस लावले, आणि पोती पाहून एवढेच म्हणाला, “बापू, जरा कमी भरत जा.” ते वाक्य मी ऐकले, त्याचा अर्थ मात्र त्या वेळी मनात शिरला नाही.

दुसरे दिवशी रात्री जेवणानंतर ओसरीवर खल झाला. पुतण्याने खिशातून एक कागद काढला. हल्लीच्या डिझेल एंजिनात केव्हा व किती इंधन फवारावयाचे, हे एक लहानसा संगणक ठरवितो. त्या संगणकाची आज्ञावली बदलून अथवा त्यास एक पेटी जोडून इंधन वाढवावयाचे, म्हणजे पंचाहत्तरांचे पंचाण्णव अश्व होतात; खर्च पंचवीस हजार. बंधू कडाडले, “अगोदरच कर्ज, त्यात हे!” वहिनी म्हणाल्या, “पैशांचे राहू द्या. पोराचा जीव घाटात टांगलेला असतो, त्याचे बोला.” सून काही बोलली नाही, पण दारातून हललीही नाही. निवाडा माझ्याकडे आला. मला विषय कळत नव्हता; पण वैद्यकातील एक क्रम ठाऊक होता, की आधी निदान आणि मग चिकित्सा. म्हणून मी म्हणालो, “पेटी घेण्यास माझी ना नाही. पण प्रथम रोग काय आहे ते जाणत्याकडून कळू दे.”

जाणता मोंढ्याकडे निघाला. वयाने माझ्याएवढाच असलेला एक मिस्त्री. सारे त्यास उस्ताद म्हणतात. त्याने पुतण्याची हकीकत ऐकली, एंजिन सुरू करून डोळे मिटून दोन मिनिटे उभा राहिला, आणि मला म्हणाला, “मास्तरजी, गाडीला दमा झालाय. नाक चोंदलंय, पाय सुजलेत, आणि हे साहेब म्हणतात की तिला जिलबी चारा!” पुढील दोन तास मी एका लोखंडी स्टुलावर बसून जे ऐकले, तसे पाठ फार थोड्या गुरुजींकडून मला मिळाले असतील.

डिझेल एंजिनाची कल्पना रुडोल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याची. त्याचे एंजिन १८९७ मध्ये यशस्वी ठरले. यात ठिणगी नसते. सिलिंडरातील हवा मूळच्या सोळाव्या-अठराव्या हिश्शाएवढ्या जागेत कोंडली म्हणजे ती इतकी तापते, की तीत डिझेल फवारताच पेट घेते. एक किलो डिझेल पुरते जळण्यास सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. म्हणजे एक लहानशी खोली भरेल एवढी. तेव्हा एंजिनाचे मुख्य अन्न हवा, डिझेल हे तोंडीलावणे! ही हवा भरपूर मिळावी म्हणून टर्बोचार्जर असतो. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चाक फिरते, आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा आत रेटते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये या युक्तीचे पेटंट घेतले. दाबलेली हवा तापते व तापलेली हवा विरळ होते, म्हणून तिला वाटेत थंड करणारी जाळी, म्हणजे इंटरकूलर, बसवितात. आमच्याकडील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेला म्हणजे हिवाळ्यातील १५ अंशांच्या मानाने हवा जवळजवळ दहाव्या हिश्शाने विरळ असते. वैशाखात गाडी मंदावते, त्यात तिचाही काही अपराध नाही.

आता आमच्या रोग्याचे निदान. उस्तादाने हवेची जाळी काढून आपटली, तो पैठणच्या शिवारातील लाल-काळी धूळ व सरकीचा कापूस यांची पसाभर रास जमिनीवर पडली. टर्बोपासून निघणाऱ्या रबरी नळीस वेढ्याजवळ बारीक चीर गेलेली होती; आत रेटलेली हवा तेथून शिट्टी वाजवीत पळून जाई. हवा थोडी व इंधन तेवढेच, म्हणून काळा धूर. तो धूर म्हणजे न जळलेले आमचे पैसे. डिझेलच्या गाळणीत पाणी साचलेले. मग त्याने मागील चाके अधांतरी उचलली. एक चाक हाताने फिरवून सोडले, ते चार वेढे फिरले. दुसरे अर्ध्यावर थांबले. ब्रेक सुटत नव्हता. म्हणजे गेले कित्येक महिने गाडी एक पाय ओढीत चालत होती.

एवढ्यात उस्तादाचे लक्ष टायरांकडे गेले. पुतण्याने ती गेल्या वर्षी हौसेने मोठ्या घेराची बसविली होती. गाडी रुबाबदार दिसे. “दिसायला पैलवान, पण कुस्तीत हलकी,” उस्ताद म्हणाला. चाकाचा व्यास सहा टक्के वाढला, की प्रत्येक गिअरमधील ओढ जवळजवळ तेवढीच घटते. वेगमापकही खरा वेग दाखवीत नाही. रहाटाचे चाक मोठे केले तर पोहरा लवकर वर येतो, पण हातास जड लागतो, तसाच हा प्रकार. शिवाय टायरांत हवा कमी. सपाटीवर ज्याची उणीव भासत नाही, ती ओढ घाटात हवी असते, आणि तेथेच ती नेमकी उरत नव्हती.

“आणि ती पेटी?” पुतण्याने भीत भीत विचारले. येथे मला उस्तादाच्या न्यायबुद्धीचे कौतुक वाटले. त्याने तिची टर उडविली नाही. टर्बो असलेल्या डिझेल एंजिनात इंधन व हवेचा दाब वाढविला, तर शक्ती वाढते, हे खरेच. परदेशी हौशी लोक अशा पिकअप गाड्यांवर हे सर्रास करतात. परंतु कारखान्याने मागे राखलेली शक्ती ही उकाडा, चढ व भरलेले ओझे यांसाठीची शिल्लक असते. ती मोडून खाल्ली, की उष्णता वाढते, आणि क्लच, टर्बो, गिअर यांपैकी जो दुबळा असेल तो आधी जातो. इसुझूचे लहान एंजिन १६३ अश्व देते, ते पेटीमुळे नव्हे. तिचा टर्बो, थंडाव्याची सोय, गिअर हे सारे त्या शक्तीच्या मापाने घडविले आहे. शिवाय कायदा आहेच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीतील तपशील पालटेल असा फेरफार करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाने न चालणारा फेरफार केला, तर प्रत्येक फेरफारास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकतात. आमची गाडी १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या नियमांतील. धूर वाढविणारा उपाय तिला वर्ज्यच. विम्याच्या वेळी काय प्रश्न उभे राहतील, ते वेगळेच.

मग उस्तादाने सहज विचारले, “पोती किती होती?”

पुतण्या खाली पाहू लागला. “सेहेचाळीस,” तो हळूच म्हणाला.

पन्नास किलोंचे एक पोते. मी जन्मभर मुलांकडून त्रैराशिके सोडवून घेतली. हे गणित मात्र माझ्या डोळ्यांसमोर असून मी मांडले नव्हते. दीड टनाची परवानगी म्हणजे तीस पोती. सोळा पोती, म्हणजे आठशे किलो, जादा. रिकामी गाडी सतराशे किलोंची. नियमाने भरली तर एकूण वजन ३२०० किलो. आम्ही ४००० किलो घेऊन घाट चढत होतो. वीस मीटर चाललो की एक मीटर उंची, असा चढ धरा, आणि वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदास दहा मीटर. गाडी दर सेकंदास अर्धा मीटर वर उचलली जाते. ३२०० किलो उचलण्यास एकवीस अश्वशक्ती. ४००० किलोंस सव्वीसहून अधिक. ही केवळ उचलण्याची शक्ती. टायरांचे, गिअरांचे व वाऱ्याचे देणे निराळे. आणि पंचाहत्तर अश्व हे एंजिन वेगाने फिरत असतानाचे. वरच्या गिअरमध्ये रेंगाळत वळणावर यावे, एंजिनाचे फेरे घटावेत, म्हणजे पंचाहत्तरांतील निम्मे अश्वही जागेवर नसतात. त्यांतून चोंदलेल्या नाकाने किती खाल्ले व ओढलेल्या चाकाने किती, याचा हिशेब वाचकांनीच करावा. या जादा ओझ्यास कायद्यात वीस हजार रुपये व वरच्या प्रत्येक टनास दोन हजार असा दंड आहे. पण घाटात आमच्याकडून जो दंड वसूल होणार होता, त्याची पावती कोणी फाडली नसती.

घरी आल्यावर मी पुतण्यास एकट्यास माडीवर बोलावले. रागावण्याचा बेत होता. म्हणालो, “हे केव्हापासून चालले आहे?” त्याने काही न बोलता भाड्याची वही माझ्यापुढे ठेवली. पाने मागे मागे चाळीत गेलो. तीस, तीस, अठ्ठावीस, तीस. आणि एका पानापासून पुढे अडतीस, बेचाळीस, सेहेचाळीस. ते पान २०२३ च्या ज्येष्ठातले होते. त्या महिन्यात मोसंबीचा भाव पडला होता व गाडीचा हप्ता नऊ दिवस उशिरा गेला होता. ते नऊ दिवस मला चांगले आठवत होते. मी भरल्या पंगतीत त्यास म्हणालो होतो, “या घराने आजवर कोणाचे देणे एक दिवस राखले नाही, ती कीर्ती तुझ्या हातून गेली.” त्याने वाढलेले पान तसेच टाकले नव्हते, उलट उत्तर केले नव्हते. निमूटपणे जेवला, हात धुतला, आणि दुसऱ्या खेपेपासून आठ पोती जास्त भरू लागला.

मी वही मिटली. रागावण्यासारखे आता काही उरले नव्हते. घाटात मी चाकाखाली दगड लावला खरा. पण हौद्यातील वरची सोळा पोती कोणी भरली होती, हे त्या रात्री मला कळले. चुलत्याने पुतण्याची क्षमा मागण्याची रीत आमच्याकडे नाही. मी त्यास एवढेच म्हणालो, “त्या दिवशी पंगतीत बोललो ते चुकले.” तो म्हणाला, “काका, तुम्ही खरे तेच बोललात,” आणि मग पुष्कळ वेळ आम्ही दोघेही खाली गेलो नाही.

वर्गात नलोपाख्यान शिकविताना मी एक प्रसंग रंगवून सांगत असे. ऋतुपर्ण राजास एका दिवसात विदर्भ गाठावयाचे असते. सारथी बाहुक, म्हणजे वेष पालटलेला नळ, तबेल्यातून अंगाने कृश असे घोडे निवडतो. राजा कुरकुरतो, धष्टपुष्ट घोडे असता हे कशाला? रथावर चढताच ते घोडे गुडघ्यांवर येतात. नळ चाबूक उगारीत नाही; त्यांना गोंजारतो, उठवितो, आणि मग रथ असा धावतो, की राजाचे उत्तरीय गळून पडते व ते घ्यावयास थांबा म्हणेपर्यंत योजनभर मागे राहते. मुलांना मी विचारीत असे, की नळाचे कौशल्य कशात? ती सांगत, घोड्यांची पारख. मीही तेच उत्तर बरोबर धरीत असे. गुडघ्यांवर आलेल्या घोड्यास तो आधी उठवितो, याकडे इतक्या वर्षांत माझे लक्ष गेले नव्हते.

असो. पुढची हकीकत सांगून लेख आटोपतो. हवेची व डिझेलची गाळणी, नळी, ब्रेक, आणि जुन्या मापाची टायरे, यांस एकूण सत्तावीस हजार रुपये लागले. पेटीहून दोन हजार अधिकच. त्यांतील मोठा भाग टायरांचा, म्हणजे हौसेचा दंड. तीस पोत्यांहून अधिक भरावयाचे नाही, असे ठरले. सोळा पोत्यांचे भाडे गेल्याने प्रत्येक खेपेस चारशे रुपये कमी येतात. परंतु लिटरास नऊ किलोमीटर चालणारी गाडी आता अकरा चालते, त्यामुळे दर खेपेस सुमारे सव्वातीनशेचे डिझेल वाचते. महिन्यास आठ खेपा धरल्या तर तूट सहाशेची. ती, आणि भाव पडलेल्या महिन्यांतील कमी पडेल ती रक्कम, माझ्या निवृत्तिवेतनातून घालावयाची, असे मी बंधूंसमक्ष सांगितले. पुतण्याने ती उसनी म्हणून वहीत मांडली आहे. मांडू दे.

माघात आम्ही दोघे पुन्हा तो घाट चढलो. हौद्यात तीस पोती होती. वळण येण्याच्या आधीच पुतण्याने खालचा गिअर टाकला. एंजिनाचा आवाज चढा पण मोकळा होता. ज्या वळणावर दगड शोधला होता, तेथे गाडी न कुरकुरता वर निघाली. शर्यतीच्या गाडीसारखी ती धावली, असे म्हणणार नाही. एका रिकाम्या जीपने आम्हांस सहज मागे टाकले, आणि पुतण्याने तिच्याकडे अभिलाषेने पाहिलेही. त्याच्या खिशात पेटीचा तो कागद अजून आहे, हे मला ठाऊक आहे. तरुण माणसाच्या खिशात एखादा असा कागद असावयाचाच.

ज्यांच्या घरी अशी गाडी असेल त्यांना माझी एवढीच विनंती, की तिचा दम कमी झाला तर नवी शक्ती विकत घेण्यापूर्वी क्रमाने चार गोष्टी पाहाव्या: तिचा श्वास मोकळा आहे का, इंधन निर्मळ आहे का, चाके सैल फिरतात का, आणि पाठीवर किती आहे. चौथ्या प्रश्नाचे उत्तर गाडीला विचारून भागत नाही. ते घरात विचारावे लागते.

आता दर रविवारी सकाळी पुतण्या हवेची जाळी काढून झटकतो, आणि मी चष्मा लावून चारी टायरांतील हवेचे माप पाहतो. कालनिर्णयात हप्त्याची तारीख लिहिण्याचे काम मी सोडले आहे. ती आता पुतण्या स्वतः लिहितो, साध्या निळ्या शाईने.